भावासाठी उतरवलेलं वजन

आमच्या डेपोत तिला सगळे कॅप्टन म्हणायचे. आता बस चालवणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या, पण ती आली तेव्हा एकटीच होती. आल्या आल्या तिनं वर्कशॉपच्या फोरमनला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं की ब्रेक नीट झाल्याशिवाय मी गाडी फाटकाबाहेर काढणार नाही, मग तुम्ही साहेबांना बोलवा नाहीतर साहेबांच्या साहेबांना. त्या दिवसापासून ती कॅप्टन. मी तिच्या गाडीवर कंडक्टर म्हणून लागले आणि मग आम्ही दोघींनी एकमेकींना सोडलंच नाही. तिचा नवरा लवकर गेलेला, एक मुलगी कॉलेजात, दोन खोल्यांचं घर. रागीट म्हणून तिची ख्याती होती, पण तो राग ती फाटकापाशी उतरवून ठेवायची. चाकामागे बसली की तिच्याइतकी शांत बाई मी पाहिली नाही.

अंगानं ती दांडगी होती. त्याचं तिला काही वाटत नसे. सीट एक खाच मागे सरकवायची, स्टिअरिंग दोन्ही हातांत घ्यायचं, झालं. तिच्या अंगाचं काही वाटायचं ते तिच्या धाकट्या भावाला. लहानपणी रस्त्याचं काम चालू असताना डांबरावरून फिरणारा रोलर त्यानं पाहिला आणि घरी येऊन बहिणीचं बारसंच केलं. तेव्हापासून ती रोलर. ती जिन्यानं उतरायला लागली की हा भिंतीला चिकटून उभा राहायचा. घरचा फोटो काढायचा असला की म्हणायचा, रोलरला टोकाला उभं करा, बाकीचे मावले पाहिजेत. तिच्या लग्नात त्यानं नवऱ्याकडच्या मित्रांना सांगितलं की घरी न्यायला मोठी गाडी मागवा. सगळे हसले. आईही हसली.

"त्याचं मी सोडून देते," कॅप्टन मला एकदा म्हणाली होती. "आईचं हसणं अजून कानात आहे."

भाऊ मात्र कसा, काडीसारखा सडपातळ, देखणा, बोलघेवडा. चष्म्यांचं दुकान होतं, ते चांगलं चालायचं. गिऱ्हाइकाला हसवता हसवता तो महागातली फ्रेम विकायचा. वाटेल ते खायचा आणि अंगाला काही लागायचं नाही. त्याला रक्तदाबाचा त्रास आहे हे डॉक्टरांनी फार पूर्वी सांगितलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. त्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिल्या. सडपातळ माणसाला कसला आलाय आजार, असं तो म्हणायचा आणि आईही तेच म्हणायची. चाळिशी उलटली आणि त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यायचं, दर वेळी अर्धा दिवस जायचा, घरी आला की गळून गेलेला.

डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणीतरी किडनी दिली तर सर्वांत बरं. आईचं वय झालेलं. बायकोचा रक्तगट जुळेना. उरली कॅप्टन. तिचं रक्त तपासलं, सगळं जुळलं. आईनं डेपोच्या फोनवर फोन करून तिला कळवलं, आणि तोपर्यंत आईनं आत्याला, मावशीला, शेजारपाजाऱ्यांना सांगूनही टाकलं होतं की ताई देणार आहे. फोन ठेवल्यावर कॅप्टन माझ्याकडे आली आणि म्हणाली, चल, गाडी लावलीये.

मग ती भावजयीबरोबर दवाखान्यात गेली. तिथला वजनकाटा मोकळ्या व्हरांड्यात होता. नर्सनं आकडा ओरडून सांगितला, कारण लिहून घेणारी दुसरी नर्स लांब टेबलाशी बसली होती. बाकांवरची माणसं मान वर करून बघायला लागली. आत सर्जननी कागद चाळले आणि तिच्या भावजयीकडे वळून म्हणाले की किडनी उत्तम आहे, पण एवढ्या वजनावर मी सुरी लावणार नाही, यांचं वजन उतरवा आणि मग या.

"यांचं वजन उतरवा," दुसऱ्या दिवशी कॅप्टन मला सांगत होती. गाडी सुटायला वेळ होता आणि ती आरसा पुसत होती, पुसलेलाच आरसा पुन्हा पुन्हा. "मी काय ट्रकमधला माल आहे? त्यांनी वहिनीला सांगितलं गं, मला नाही. मी समोर खुर्चीत बसले होते. मी बसल्यावर खुर्ची दिसत नसेल, कबूल आहे. पण मी तर दिसत असेन ना?"

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. ती हसत नव्हती.

संध्याकाळी आईचा फोन आला. आयुष्यभर तोंडावर जरा ताबा ठेवला असतास तर आज त्याचं ऑपरेशन होऊन गेलं असतं, असं आई म्हणाली. कॅप्टननं ऐकून घेतलं. मला मात्र ती रागानं म्हणाली की ड्रॉवरमध्ये पडलेल्या गोळ्या कुणाच्या तोंडात जायच्या होत्या, ते आई कधी विचारणार नाही.

रविवारी भावजय मोठ्या दोन पिशव्या घेऊन तिच्या घरी आली. बाई वाईट नव्हती. नवरा डोळ्यांसमोर वाळत चाललेला, दुकान तीच सांभाळत होती, झोप नव्हती. पण घाबरलेलं माणूस दुसऱ्याच्या घरात कसं वागतं ते तिनं त्या दिवशी दाखवलं. स्वयंपाकघरात शिरली आणि तांदळाचा डबा, पाव, बटाटे, साखर, केळी, बिस्किटं सगळं एका पिशवीत भरलं. दुसऱ्या पिशवीतून अंडी, चीज, लोणी, मांसाची पाकिटं काढून फ्रीजमध्ये रचली. बाळंतपणानंतर ती स्वतः अशीच उतरली होती. पिष्ट आणि साखर बंद, बाकीचं पोटभर खा, बघा कसं झरझर वजन जातं ते, असं तिचं म्हणणं. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंचं म्हणणं वेगळं होतं म्हणे. त्या सांगत होत्या की सगळं खा पण मोजून खा, दिवसाच्या कॅलरी ठरवून घ्या, हळूहळू उतरेल.

"हळूहळू म्हणजे वर्ष जाईल, ताई," भावजय म्हणाली. "आपल्याकडे वर्ष आहे का?"

कॅप्टनला तो शब्द झोंबला. जेवण माझं, पोट माझं, किडनी माझी, आणि वर्ष आपल्याकडे. पण तिनं भावजयीचंच ऐकलं. का ऐकलं असं मी विचारलं तर म्हणाली, लवकर संपेल म्हणून. काय करायचं ते करून टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

पहिले दोन आठवडे काटा खरंच धडाधड खाली आला. रोज सकाळी भावजयीचा फोन यायचा आणि कॅप्टन आकडा सांगायची. तिकडून आनंदाचे उद्गार, मग फोन आईच्या हातात. आईनं तिचं कौतुक केलं. शाळेत पहिली आली तेव्हासुद्धा केलं नव्हतं एवढं, असं कॅप्टन म्हणायची, पण ते सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की मला पुढे बोलायचं धाडस व्हायचं नाही. डेपोच्या उपाहारगृहात आम्ही सगळे ताटं भरून बसायचो आणि ती कोपऱ्यात उकडलेली अंडी सोलत बसायची. डोकं सतत दुखायचं. तोंडाला एक विचित्र वास यायला लागला, म्हणून ती लवंग चघळायची. पोट साफ होईना. आणि जो राग ती फाटकापाशी उतरवून यायची तो आता गाडीत चढून बसायला लागला. हॉर्नवरून तिचा हात निघेना. एका म्हाताऱ्या बाईंना उतरायला वेळ लागला तर ती आरशातून अशी बघत होती की मीच पुढे होऊन त्यांना हात दिला.

तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यात वजन करायला जायचं होतं. आकडा चांगला दिसावा म्हणून भावजयीनं आदल्या दिवशी काहीच खाऊ नका असं सुचवलं, आणि या बाईनं ते मानलं. मला काही सांगितलं नाही. दुपारची फेरी होती, ऊन मी म्हणत होतं, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुलाचा चढ संपला आणि उतार लागला तेव्हा मला जाणवलं की गाडी नेहमीपेक्षा हळू चाललीये. मी पुढे बघितलं. तिचे खांदे पुढे झुकले होते. तिनं इंडिकेटर दिला, पुलाखालच्या थांब्याला गाडी अगदी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दारं उघडली, धोक्याचे दिवे लावले, चावी काढून माझ्याकडे धरली आणि मग कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. मी पोचेपर्यंत तिचा घाम सीटवरून निथळत होता. ओठ पांढरे पडले होते. मागून एकजण ओरडला की ड्रायव्हर प्यायलीये. मी आयुष्यात प्रवाशाला शिवी दिली ती तेवढी एकदाच.

समोरच्या दुकानातून मी सरबत आणून पाजलं. थोड्या वेळानं तिला रंग आला. कुणाला खरचटलंही नव्हतं, पण तक्रार व्हायची ती झालीच. डेपो मॅनेजरनी तिला गाडीवरून उतरवलं आणि डॉक्टरचा दाखला आणेपर्यंत धुलाईच्या जागी बसायला सांगितलं, दुसऱ्यांच्या बसेस धुतल्या जातात की नाही ते बघत. इतक्या वर्षांत तिच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. रबरी बूट घालून ती पाइपाजवळ उभी होती आणि येणारे जाणारे तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते.

भावजयीला मुलीकडून कळलं. लगेच फोन आला. कॅप्टननं तो माझ्यासमोरच घेतला, म्हणून मला पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"म्हणजे आता डाएट थांबणार का, ताई?"

पहिला प्रश्न तो. लागलं का, आता बरं आहे का, नोकरी राहील का, यातलं काही नाही. कॅप्टननं फोन बंद केला, खिशात ठेवला आणि पाइप उचलून समोरच्या बसवर पाणी मारायला लागली. ती बस नुकतीच धुऊन झाली होती. आम्ही कुणी तिला अडवलं नाही.

दवाखान्यात तर आणखीच वाढून ठेवलं होतं. तिच्या रक्ता-लघवीच्या तपासण्या पाहून किडनीचे डॉक्टर वैतागले. इतकं मांस आणि अंडी खाऊन हे आकडे असे हलले आहेत की यावरून काही ठरवता येत नाही, नीट जेवायला लागा, तपासण्या पुन्हा करू, असं त्यांनी सांगितलं. लवकर व्हावं म्हणून केलं आणि सगळं मागे पडलं. तिथून तिला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या स्वतःच चांगल्या गुटगुटीत होत्या. कॅप्टन त्यांच्या टेबलासमोर उभीच राहिली, बसली नाही, आणि विचारलं की हे सगळं मला आधी कुणी का सांगितलं नाही.

बाई म्हणाल्या की मी सांगितलं होतं, तुमच्या वहिनींना. त्या म्हणाल्या मी निरोप देते.

"निरोप," कॅप्टन म्हणाली. "खाणार मी, आणि निरोप वहिनीकडे."

आहारतज्ज्ञ बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तुमच्याशीच बोलायला हवं होतं. बसा, आता बोलू."

कॅप्टन बसली. नंतर तिनं मला सांगितलं की त्या सबंध प्रकरणात चूक माझी आहे असं म्हणणारं ते पहिलं माणूस. बाईंनी तिला समजावलं की पिष्ट कमी करून काहींचं छान चालतं, त्यात पाप नाही. पण तुम्ही गाडी चालवता, उपाशी राहता, आणि वरून तुमच्या किडनीच्या तपासण्या व्हायच्या आहेत, तेव्हा तुमच्यासाठी ते नको. मोजून खाणं कंटाळवाणं आहे, पण त्यात पाव बसतो, भात बसतो. निवड तुमची. जे तुम्हाला खूप दिवस करता येईल तेच घ्या.

निवड तुमची हे शब्द ऐकून कॅप्टनला रडू आलं, आणि रडू आल्याचा पुन्हा राग आला. घरी जाऊन तिनं फ्रीजमधली मांसाची पाकिटं आणि लोणी पिशवीत भरलं, तशीच भावाच्या घरी गेली आणि भावजयीच्या हातात पिशवी दिली.

"वहिनी, तुझी भीती मला कळते," ती म्हणाली. "पण परत माझ्या स्वयंपाकघरात हात घालायचा नाही. फोन करून आकडा विचारायचा नाही. काय खायचं आणि किती उतरायचं ते मी आणि त्या बाई बघून घेऊ."

आतल्या खोलीतून आई बाहेर आली आणि तिनं विचारलं की तुला त्याला मारायचंय का. भाऊ पलंगावर होता, जागा होता, दार उघडं होतं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. कॅप्टन जिना उतरून आली आणि बस न पकडता चालत घरी गेली. फार लांब होतं घर.

मग मोजणी सुरू झाली. मुलीनं फोनमध्ये कॅलरी मोजणारं एक अॅप घालून दिलं आणि ओट्यावर छोटा काटा आणून ठेवला. वाटीभर भात, पावाचा तुकडा, तेलाचा चमचा, सगळं काट्यावर चढून मगच ताटात जायचं. मला वाटलं होतं की आता हिचा राग शांत होईल, पोटात अन्न पडतंय म्हटल्यावर. कसलं काय. आता ती काट्यावर चिडायची. बदाम एवढासा आणि त्याचा आकडा बघ, मला लुबाडतायत, असं म्हणायची. मुलगी हसली की मुलीवर चिडायची. एकदा तिनं चक्क त्या फोनला फसवलं, दोन पाव खाऊन एक सांगितला, आणि मग दिवसभर स्वतःवरच चरफडत राहिली. मी म्हटलं, अगं, फोनला काय फरक पडतो. ती म्हणाली, तेच ना, त्याला पडत नाही, मला पडतो.

मध्येच काटा अडला. आठवड्यामागून आठवडे गेले, काही हलेना. आहारतज्ज्ञ बाईंनी सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं ते तिच्याकडून वदवून घेतलं तेव्हा निघालं की डेपोतला चहा ती मोजतच नव्हती. प्रत्येक फेरीनंतर एक, भरपूर दुधाचा आणि साखरेचा. चहा म्हणजे खाणं थोडंच, असा तिचा हिशोब. साखर सोडली, कपांची संख्या खाली आणली, आणि शिफ्ट संपली की आम्ही दोघी डेपोच्या भिंतीकडेनं फेऱ्या मारायला लागलो. चालताना ती बोलायची. आईवर, भावावर, सर्जनवर, व्हरांड्यातल्या नर्सवर. एकेका फेरीत एकेक माणूस घ्यायची. मी फक्त हो म्हणायचे. त्या फेऱ्यांनी माझंही वजन थोडं उतरलं.

दाखला मिळाला, ती गाडीवर परत आली. सीट एक खाच पुढे घ्यावी लागली. पावसाळा गेला, थंडी आली, आणि एक दिवस दवाखान्यानं सांगितलं की वजन आणि तपासण्या, दोन्ही बसतंय. तारीख ठरवू. पण त्याआधी एक भेट राहिली होती. जिवंत माणसाची किडनी घ्यायची तर त्याला एकट्याला बसवून बोलायचं असा तिथला नियम होता, आणि ते काम करणाऱ्या समाजसेविकेनं कॅप्टनला एका छोट्या खोलीत बोलावलं. भावजयीला बाहेर थांबायला सांगितलं. दार लावून घेतलं.

तिनं विचारलं, "तुम्हाला द्यायची आहे का?"

एवढे महिने उपाशीपोटी आणि भरल्यापोटी कॅप्टननं सगळ्यांचं ऐकलं होतं, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. आईनं विचारला नाही, वहिनीनं नाही, आणि ज्याच्या पोटात ती किडनी जायची त्यानं तर नाहीच. समाजसेविकेनं सावकाश सांगितलं की द्यायची नसेल तर घाबरू नका, आम्ही घरच्यांना एवढंच कळवू की वैद्यकीय कारणानं जमत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही.

"म्हणजे माझ्या अंगावरच ढकलायचं पुन्हा," कॅप्टन म्हणाली. "नको. नाही म्हणायचं असेल तर मी माझ्या तोंडानं म्हणेन."

तिनं वेळ मागून घेतला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मला म्हणाली, चल माझ्याबरोबर, मला एकटीला जायचं नाहीये, माझ्या हातून काहीतरी होईल.

भाऊ यंत्रावर होता. लांबलचक खोली, ओळीनं खुर्च्या, प्रत्येकाच्या हाताला नळ्या आणि नळ्यांतून फिरणारं रक्त. मी त्याला बऱ्याच वर्षांनी बघत होते. देखणेपण पार गेलं होतं, कातडी राखेसारखी झाली होती. बहिणीला बघून त्यानं हसायचा प्रयत्न केला आणि सवयीनं म्हणाला की अरे वा, रोलर तर सायकल झाली.

कॅप्टननं स्टूल ओढलं आणि त्याच्या खुर्चीला गुडघे टेकतील इतक्या जवळ बसली.

"सगळ्यांनी मला सांगितलं की द्यायची," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली. "आईनं सांगितलं. वहिनीनं सांगितलं. डॉक्टरनं तर मला सांगायचीसुद्धा तसदी घेतली नाही. तू मागितली नाहीस अजून."

तो म्हणाला की ताई, त्यात मागायचं काय, घरचंच आहे.

"घरचं नाही. माझं आहे. माग."

तो नळ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला की तू चिडलीयेस, आपण नंतर बोलू. ती म्हणाली, नंतर नाही. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं होतं, पण त्यांचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. भावाचा ओठ हलायला लागला. मला वाटलं हा पुन्हा काहीतरी विनोद करणार, त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

"मागितली आणि तू नाही म्हणालीस तर," तो म्हणाला. "तुला नाही म्हणायला इतकी कारणं आहेत, ती मला सगळी पाठ आहेत. म्हणून नाही मागितली. आई बोलत होती ते बोलू दिलं." मग म्हणाला, "मला फार भीती वाटते गं. देशील का?"

कॅप्टन उठली. स्टूल जागेवर ठेवलं. म्हणाली, "आठ दिवसांनी सांगते."

आणि खरंच आठ दिवस तिनं काही कळवलं नाही. आईचे फोन आले, भावजय डेपोच्या फाटकाशी येऊन उभी राहिली, रडली. कॅप्टननं तिला चहा पाजला आणि परत पाठवलं. मला ते थोडं क्रूर वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, मी इतके महिने भूक काढली, त्याला आठ दिवस वाट बघू दे. त्या आठवड्यात तिची गाडी इतकी मऊ चालत होती की प्रवासी उभ्या उभ्या पेंगायचे.

आठव्या दिवशी तिनं भावालाच फोन केला, दुसऱ्या कुणाला नाही, आणि देते म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. किडनीनं टेबलावरच काम सुरू केलं, असं सर्जन म्हणाले, आणि या वेळी ते कॅप्टनच्या पलंगाशी येऊन तिला सांगून गेले. तिला बरं व्हायला भावापेक्षा जास्त दिवस लागले. तो महिन्याभरात रंगावर आला आणि ती अजून कुशीवर वळताना दात आवळत होती. मुलगी आणि मी आळीपाळीनं जायचो. आई दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा तिकडची बातमी सांगत बसली, त्यानं काय खाल्लं, त्याला किती लघवी झाली.

मग भावाच्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मलाही आमंत्रण होतं. कॅप्टन निळी साडी नेसून आली होती, ती आता तिला सैल होत होती. बायका तिच्याभोवती जमल्या. जखम कशी आहे असं त्यातल्या एकीनंही विचारलं नाही. काय सोडलंस, भात की पाव, की मोजून खाल्लंस, आम्हालाही सांग, अशी चौकशी चालली होती. आत्या तिचा दंड चाचपून म्हणाली की किडनीच्या निमित्तानं का होईना, तुझी तब्येत सुधारली, फायदा तुझाच झाला म्हणायचा.

कॅप्टननं हातातलं ताट टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं.

"माझ्या पोटातून एक अवयव काढून घेतलाय, आत्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला फायदा सांगताय."

आई म्हणाली, चांगल्या दिवशी कशाला तमाशा. कॅप्टननं पर्स उचलली आणि चप्पल घालून बाहेर पडली. मी मागोमाग निघाले. कोपऱ्यावरच्या थांब्याशी आम्ही उभ्या होतो तेव्हा जिन्यावरून भाऊ उतरताना दिसला. ओटीपोटावर हात धरून, एकेक पायरी, तोंडावर डॉक्टरनं सांगितलेला मास्क. तो आमच्यापर्यंत पोचला आणि श्वास घेत उभा राहिला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. परत ये असं तो म्हणाला नाही, आणि माफ कर असंही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला की आत्याला मी आता काय ते सांगितलंय, आणि आईलाही.

"काय सांगितलंस?"

"की मी मागितली होती."

बस आली. चालवणारा आमच्याच डेपोतला, त्यानं कॅप्टनला बघून हात केला. ती चढली, मी चढले, आणि दार लागायच्या आत भाऊही कठड्याला धरून चढला. डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका असं बजावलं होतं म्हणून ती त्याच्यावर खेकसली, मग पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवलं आणि त्याला तिथं बसवलं. स्वतः दांडीला धरून उभी राहिली. त्याच्या खिडकीची काच घट्ट बसत नव्हती, वारा येत होता, तर तिनं वाकून दोनदा जोर लावला आणि ती बंद केली.

शेवटच्या थांब्यापर्यंत तिचा चेहरा रागानं लाल होता.

"ही काच वर्कशॉपला दाखवा," उतरताना तिनं ड्रायव्हरला सांगितलं, आणि मग भावाकडे वळून म्हणाली, "रिक्षानं परत जा. बसनं नाही. आणि गोळ्या घेतल्यास का?"